बेटांसाठी वेगळा दर

जाहिरातीत लिहिलेलं असतं: घरपोच, मोफत.
खाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत:
बेटं वगळून.

ते वगळलेलं बेट म्हणजे आम्ही, अन्स्ट.
दोन फेरीबोटी बदलून टपाल येतं
आणि एकोणीस वर्षं ते मी वाटते,
वारा असेल तर गाडीचं दार दोन्ही हातांनी धरून.
वारा असतोच.

पुस्तक एका पेनीचं, पाठवणी सहा पौंड.
चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला,
आणि मसाला आणून देणारी मी.

ऑस्ला मोअटला यातल्या सगळ्या खाचाखोचा ठाऊक.
पुस्तक टोपलीत टाकायचं आणि तसंच सोडून निजायचं;
तीन दिवसांनी दुकानालाच करमत नाही,
दहा टक्के सोडतं.
‘नव्यासारखं’ म्हणजे कुणी वाचलेलंच नाही.
‘चांगलं’ म्हणजे वाचलंय, पण हात धुऊन.
‘ठीक’ म्हणजे चहा सांडलाय, कोपरे दुमडलेत,
आणि ठीकच घ्यावं, ती म्हणते,
अक्षरं काही कमी नसतात.
मंगळवारी पहाटे भाव उतरतात
असंही तिचं एक पंचांग आहे. खरंखोटं तीच जाणे.

पण एक पुस्तक तिला नमेना.
लेसच्या शालींच्या नक्ष्यांचं,
अंगठीतून आरपार निघतात त्या शाली,
इथल्याच बायकांच्या बोटांतल्या.
बेटावर एकही प्रत उरली नव्हती.
दक्षिणेत दोन दुकानं, दोन्हीकडे भाव यंत्र लावतं:
एक चौऱ्याण्णव म्हणालं की दुसरं सत्त्याण्णव.
माणूस असता ना, ऑस्ला म्हणायची,
तर हवापाण्याचं बोलून पाच तरी सोडवले असते.

अकरा महिने ती पाळतीवर.
सत्तर. एकसष्ट. मध्येच परत ऐंशी.
मी पाकिटं देताना ती आकडा सांगायची,
जसं कुणी आजाऱ्याचा ताप सांगतं.
फेब्रुवारीत अडतीस झाला.
पस्तीसला घेईन, म्हणाली. महिनाअखेर बघू.
दुसऱ्या सकाळी तिथे लिहिलेलं: विकलं गेलं.
त्या दिवशी तिने मला चहा विचारला नाही.

नऊ दिवसांनी माझ्या पिशवीत
एक चपटं, कडक पुडकं. केंटचा शिक्का.
नाव: गिडियन हॉलक्रो, उयेसाउंड.
गिडियन! ज्याच्या घरी
बोटीच्या इंजिनाची माहितीपत्रकं सोडून
मी कधी काही छापील दिलं नव्हतं.

टपालवाल्यांनी बोलायचं नसतं.
मी बोलले नाही.
ऑस्लाच्या दारात फक्त पुडकं वर ठेवलं,
आणि तिची पाकिटं त्याच्याखालून
जरा जास्तच वेळ शोधली.

ती गेली त्याच्याकडे. तावातावाने गेली असणार,
छत्री या बेटावर कुणी नेत नाही, तिने नेली होती.
पुढचं गिडियननेच मला फाटकाशी सांगितलं.
टेबलावर शाल होती, सुयांवर अडकलेली,
त्याच्या बायकोची, दोन तृतीयांश झालेली.
शेजारी त्याचा स्वतःचा सराव:
जाड लोकर, जाळं दुरुस्त करावं तशा गाठी.

ऑस्लाने आधी किंमत विचारली.
अडतीस, तो म्हणाला.
थांबला असतास तर पस्तीसला मिळालं असतं.
तो म्हणाला, थांबून काय मिळतं ते बघितलंय मी.

मग तिने सुया हातात घेतल्या
आणि त्याचे चार टाके उसवले.

आता दोघांची मागणी एकत्र जाते,
पाठवणी अर्धी अर्धी.
पहिल्याच खेपेला सुट्ट्या पैशांवरून
फाटकाशी वाद झाला, वीस पेन्सचा.
पुडकं जड येतं हल्ली.
मोफत पाठवणी अजून
बेटं वगळूनच आहे.